स्वतंत्र उद्योजक बाबाजी राऊळ

परमेश्वराच्या कृपेने माझ्या दीर्घ आयुष्यात मला नाना तऱ्हेचे याचक पाहावयास मिळाले. कोणी देवापाशी संतती मागितली, कोणी घर मागितले, कोणी शेजाऱ्याचे वाईट व्हावे इतकेच मागितले. परंतु ‘मला नोकर कर’ असे देवाला कळवळून सांगणारा माणूस एकच भेटला. त्याचे नाव बाबाजी राऊळ. तो ट्रक चालवीत असे, आणि ही मागणी केली तेव्हा तो, कागदोपत्री, त्या ट्रकचा मालक होता.

मी गिरगावात राहतो. पाठशाळेत शिकलो आणि पौरोहित्यावर संसार केला. शिवडीच्या एका मालवाहतूक कंपनीत दसऱ्याची वाहनपूजा सांगण्यास मी अनेक वर्षे जात आलो आहे. तेथेच बाबाजीची ओळख झाली. लालबागच्या एका चाळीत तो राहत असे. वडील गिरणीत होते, मूळ गाव सावंतवाडीकडचे. उंच, सावळा, बोलण्यात संथ. उजवा हात सदैव खिडकीबाहेर राहिल्यामुळे डाव्या हातापेक्षा पुष्कळच काळा पडलेला. नमस्कारासाठी हात जोडले की ते दोन वेगळ्या माणसांचे हात वाटत.

आयुष्यभर लांबलचक वाहन हाकल्याने त्याचा देहही तसाच वागू लागला होता. मागे पाहावयाचे झाल्यास तो मान वळवीत नसे. सगळाच्या सगळा वळत असे. चाळीच्या गॅलरीत कोपरा आला की प्रथम कठड्याकडे सरकून, मोठा वळसा घेऊनच वळे. जिन्यावरून उतरताना खालून कोणी येत असेल तर तो मधल्या टप्प्यावर अंग चोरून उभा राही आणि म्हणे, “या, या. चढणाऱ्याला आधी वाट.” एकदा चाळीतील एक अतिशय वृद्ध बाई वर येत होती आणि मी बाबाजीच्या मागे उतरत होतो. ती वर येईपर्यंत आम्ही दोघे इतका वेळ उभे राहिलो की माझे मनातल्या मनात एक स्तोत्र म्हणून पूर्ण झाले. बाबाजी मात्र त्या बाईकडे घाट चढणाऱ्या भरलेल्या गाडीकडे पाहावे तशा आदराने पाहत होता.

कंपनीचे मालक अप्पासाहेब. माणूस सज्जन आणि धर्मभीरू. आवारातील प्रत्येक चालकाच्या मुलामुलींची नावे त्यांना ठाऊक होती, आणि कोणाच्या घरी मंगलकार्य असले की ते स्वतः जात. अशा माणसाला एके दिवशी एक सल्लागार भेटला. पदरी नोकर ठेवणे ही आता मागासलेली रीत झाली, प्रगत व्यवसायात सगळे उद्योजक असतात, असे त्याने अप्पासाहेबांना पटवून दिले. त्यानंतर लवकरच आवारात मंडप घातला गेला. चालकांना हार घालण्यात आले, गुलाबजाम वाढण्यात आले, आणि ज्याच्या-त्याच्या ट्रकची किल्ली ज्याच्या-त्याच्या हाती समारंभपूर्वक देण्यात आली. ती किल्ली आदल्या दिवशीही त्याच हातात होती. फक्त समारंभ नव्हता.

ट्रक चालकांच्या नावे झाले आणि त्यांचे हप्ते भाड्यातून कापले जाऊ लागले. पूर्वी टायर फुटला की तो कंपनीचा फुटत असे. आता तो बाबाजीचा फुटू लागला. माल कोठून घ्यावयाचा, कोठे उतरवावयाचा, कोणत्या रस्त्याने जावयाचे, हे मात्र कंपनी मोबाइलवर कळवीत असे. ट्रकचा निळा रंग, त्यावरील कंपनीचे नाव आणि चालकाचा निळा सदरा यांत काडीचाही फरक पडला नाही.

चाळीने या वार्तेचे मनापासून स्वागत केले. “काय शेठ, आज पायी?” असे लोक त्याला जिन्यात विचारू लागले. चाळीच्या गणपतीच्या फलकावर त्याचे नाव ‘सुप्रसिद्ध उद्योजक’ म्हणून झळकले आणि त्या मानाने वर्गणीही वाढली. बाबाजीला या सगळ्याचे अप्रूप नव्हते असे मी म्हणणार नाही. पहिल्या काही दिवसांत तो ट्रकभोवती एक फेरी मारून मगच चढत असे. त्याची पत्नी रोहिणीबाई मात्र भुलली नव्हती. ती एकदा माझ्यादेखत म्हणाली, “मालक झालास तर एक दीस घराक रव्हान दाखवा. माका बघूचा आसा.”

“अगो, नाय गेलंय तर फेरी दुसऱ्याक देतत,” बाबाजी म्हणाला.

“मगे मालक कोण? तुमी की फेरी?”

यावर बाबाजीने चहाचा पेला उचलून खिडकीकडे पूर्ण वळण घेतले.

आपण मालक आहोत हे त्याने एकदाच खरे मानले. चाळीतले एक शेजारी घर बदलून वडाळ्यास जाणार होते. रविवार होता, ट्रक उभाच होता. बाबाजीने त्यांची कपाटे, पलंग आणि देव्हारा त्यात घालून सारे पोहोचवून दिले. देव्हारा स्वतःच्या शेजारी, चालकाच्या कक्षात ठेवला. मोबदला म्हणून पोटभर जेवला. सोमवारी आवारात पाऊल ठेवताच पास्कलने त्याला अडवले. पास्कल हा आवाराचा व्यवस्थापक, मुंबईतल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातला, तोंडाचा फटकळ आणि मनाचा मऊ. ट्रक कोठे फिरतो हे त्याला कार्यालयातील पडद्यावर दिसत असे.

“काल वडाळ्याला कोणाचा माल होता रे?”

“शेजाऱ्यांचा. गाडी माझी आहे ना पास्कल?”

“गाडी तुझीच हाय रे बाबा, कोण नाय बोलतो?” पास्कल म्हणाला. “पण कलर आपला हाय.”

“मग मी कलर बदलतो.”

“बदल ना. मालक हाय तू. पण मग फेरी नाय भेटणार.”

त्या आठवड्यात बाबाजीला एकही फेरी मिळाली नाही. ही शिक्षा आहे असे कोणी म्हटले नाही. उद्योजकाला शिक्षा कोण करणार? ‘सध्या माल कमी आहे’ असे त्याला नम्रपणे सांगण्यात आले, आणि तो आवाराच्या भिंतीशी बसून इतरांचे भरलेले ट्रक जाताना पाहत राहिला.

त्याच वर्षी दसरा आला आणि माझ्यापुढे एक धर्मशास्त्रीय अडचण उभी राहिली. पूजेला यजमान म्हणून बसतो त्याने संकल्पात स्वतःचे नाव आणि गोत्र उच्चारून ‘माझ्या या वाहनांचे पूजन करतो’ असे म्हणावयाचे असते. आता वाहने चालकांची झाली होती. तेव्हा मी अप्पासाहेबांना विचारले, “या वर्षी यजमान म्हणून चालकांना बसवावे ना?”

अप्पासाहेबांचा चेहरा पडला. “गुरुजी, असे कसे? वडिलांपासून या गाड्यांची पूजा आमच्या हातून होत आली आहे.”

“परंतु वाहने आता त्यांची आहेत.”

“ते कागदावर हो,” अप्पासाहेब आवाज खाली आणून म्हणाले. “पूजा सोडून बाकी सगळे त्यांना दिले आहे. एवढे पुण्य तरी आमच्याकडे राहू द्या.”

मी चालकांकडे पाहिले. बाबाजी ओंजळीत झेंडूची फुले घेऊन उभा होता. तो म्हणाला, “बसू द्या गुरुजी शेठना. त्यांना सवय आहे.” अप्पासाहेब सोवळे नेसून पाटावर बसले. सर्व चालक व हमाल यांच्या समक्ष त्यांनी खणखणीत आवाजात संकल्प उच्चारला आणि ती सारी निळी वाहने देवापुढे पुन्हा आपली म्हणून घेतली. अशा रीतीने जोखीम चालकांकडे गेली आणि पुण्य अप्पासाहेबांकडे राहिले. पुढेही दर दसऱ्याला हाच क्रम चालला.

मग एक अपघात झाला. रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत भरलेल्या ट्रकवर चढून बाबाजी ताडपत्री बांधत होता. दोर ओढताना तुटला आणि तो पाठीमागे खाली आला. डावा खांदा चुरला. गिअर बदलावयाचा तो डावा हातच खांद्याच्या वर जाईना, आणि खाली येताना कळ मस्तकात जाई. शस्त्रक्रिया करणे आवश्यक आहे, आणि तरीही अवजड वाहन पुन्हा चालवता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पास्कलनेच त्याला रुग्णालयात नेले आणि दोन्ही वेळचे जेवण घरून आणले. कंपनीकडून मात्र एक अत्यंत सभ्य पत्र आले. आपल्यासारख्या स्वतंत्र उद्योजकास झालेल्या दुखापतीबद्दल कंपनीस मनःपूर्वक खेद वाटतो, असे त्यात होते. खेदापलीकडे काही नव्हते.

आता प्रश्न सरळ होता. बाबाजी नोकर ठरला तर उपचाराचा खर्च, भरपाई आणि झेपेल असे काम कंपनीने द्यावयाचे. मालक ठरला तर न उचलणारा हात आणि न चालवता येणारा ट्रक, दोन्ही त्याचेच. त्याने कामगार खात्याकडे अर्ज केला.

त्या वर्षी चाळीच्या गणपतीपुढे गाऱ्हाणे घालण्याची वेळ आली तेव्हा मी तेथे होतो. कोकणच्या रिवाजाप्रमाणे एकाने देवाला मोठ्याने मागणे सांगावयाचे आणि बाकीच्यांनी ‘होय महाराजा’ म्हणून त्याला दुजोरा द्यावयाचा. गाऱ्हाणे घालणारे गृहस्थ फलकावरील ‘सुप्रसिद्ध उद्योजक’ या शब्दांखाली उभे राहून गरजले, “बा देवा महाराजा! ह्यो तुझो लेकरू बाबाजी, ह्येका लोकांनी मालक केलो हा, तर ह्येका परत नोकर कर रे महाराजा!”

“होय महाराजा!” सगळी चाळ म्हणाली. बाबाजीने एकाच हाताने नमस्कार केला, कारण दुसरा गळ्यातल्या झोळीत होता.

देवाने मागणे ऐकले असावे, परंतु पहिल्या सुनावणीत बाबाजीने स्वतःच त्यात विघ्न आणले. अधिकारी बाई होत्या, मितभाषी आणि सावध. त्यांनी विचारले, “आपण काय करता?” कंपनीच्या वकिलांनी आत शिरताच बाबाजीला ‘राऊळसाहेब’ म्हणून स्वतःशेजारची खुर्ची दिली होती, आणि चाळीने इतकी वर्षे ‘शेठ, शेठ’ करून त्याच्या जिभेला वळण लावले होते. शिवाय खोटे बोलू नये असे त्याला मी नुकतेच सांगितले होते. तो ताठ बसून म्हणाला, “मी गाडीचा मालक.”

वकिलांच्या मुखावर समाधान पसरले. बाहेर आल्यावर पास्कल, जो वास्तविक कंपनीच्या बाजूने आला होता, कपाळावर हात मारून म्हणाला, “अरे येड्या, नोकर बनायला आला आणि मालक बनून बाहेर आला? तुला वकील कशाला पाहिजे? तूच त्यांचा वकील हाय!”

“कागदावर तसंच आहे ना,” बाबाजी खाली पाहत म्हणाला.

त्यानंतर तो गिरगावात माझ्याकडे आला. खांदा बांधलेला होता. आसनावर बसण्यापूर्वी त्याने देवघराकडे पाहून मान लववली आणि म्हणाला, “गुरुजी, तुम्ही फक्त एवढंच सांगा, दसऱ्याला पूजेला कोण बसतं आणि काय बोलतं. शेठना वाईट वाटेल असं एक अक्षर बोलू नका.”

जे सर्वांदेखत मोठ्याने उच्चारले गेले ते पुन्हा सांगण्यात दोष नाही, असे ठरवून मी गेलो.

दुसऱ्या सुनावणीला अप्पासाहेब स्वतः आले होते. मला पाहून त्यांनी रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांच्या वकिलांना तो आवडला नाही. वकील बोलावयास उठले. “मॅडम, राऊळसाहेब हे स्वतःच्या वाहनाचे स्वामी आहेत. त्यांना नोकर म्हणणे हा त्यांच्या कर्तृत्वाचा अपमान आहे.”

“होऊ दे मॅडम,” बाबाजी म्हणाला. “अपमान चालेल मला.”

अधिकारी बाईंनी हसू आवरले आणि मला विचारले, “गुरुजी, तुम्ही कंपनीचे नोकर आहात का?”

“नाही. बोलावतात तेव्हा जातो. दक्षिणा घेतो.”

“इतर कंपन्यांत पूजा सांगता?”

“शेजारच्याच आवारात सांगतो.”

“यांना राग येत नाही?”

“नाही. उलट लवकर आटोपून तिकडे जाण्यास तेच गाडी देतात.”

“कोणता मंत्र आधी म्हणावा, हे कंपनी सांगते?”

या प्रश्नाने मी किंचित दुखावलो, आणि तसे म्हणालोही. बाईंनी क्षमा मागितली आणि वकिलांकडे वळून म्हणाल्या, “स्वतंत्र व्यावसायिक कसा असतो ते कळले. या खोलीत मला तूर्त एकच दिसतो.”

मग त्यांनी पूजेविषयी विचारले आणि मी जसे घडत आले तसे सांगितले. वकील म्हणाले, ही धार्मिक बाब आहे, तिचा व्यवहाराशी संबंध नाही. बाईंनी अप्पासाहेबांना विचारले, “तुम्ही देवापुढे म्हणता वाहने माझी. इथे लिहून देता वाहने यांची. यातले कोणते खरे धरू?”

वकिलांनी अप्पासाहेबांच्या बाहीला हात लावला. अप्पासाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा बाबाजीच्या खांद्याकडे. शेवटी म्हणाले, “बाई, देवापुढे मी खोटे बोललो असे लिहू नका.”

केवळ या एका वाक्याने निकाल लागला असे कोणी समजू नये. बाईंनी पास्कललाही विचारले, आणि त्यानेही रंगाचा, रस्त्यांचा आणि त्या रिकाम्या आठवड्याचा वृत्तान्त खाली मान घालून, परंतु संपूर्ण सांगितला. यथावकाश निर्णय आला. बाबाजी राऊळ हा कंपनीचा नोकर आहे आणि होता, असे त्यात म्हटले होते. वकिलांनी वरच्या न्यायालयात जाण्याचा आग्रह धरला, अप्पासाहेब म्हणाले, “आता पुरे.” शस्त्रक्रिया झाली, भरपाई मिळाली, ट्रक कंपनीने परत घेतला, आणि बाबाजीला आवाराच्या फाटकावर बसून येण्याजाण्याची नोंद करण्याचे काम मिळाले. चाळीने पेढे वाटले. पदावनतीचे पेढे मी तेव्हाच प्रथम खाल्ले. निर्णय मात्र एकट्या बाबाजीपुरताच होता. इतरांनी अर्ज केलेला नव्हता, त्यामुळे ते मालकच राहिले.

त्यानंतर काही महिन्यांनी कंपनीच्या कार्यालयात सत्यनारायण होता म्हणून मी सकाळी शिवडीस गेलो. टॅक्सीतून उतरतो तो फाटकावर बाबाजी नव्हता. त्याच्या जागी पास्कल घामाघूम होऊन स्वतः ट्रकांचे क्रमांक टिपत होता.

“बाबाजीला बरे नाही का?” मी काळजीने विचारले.

“त्याला काय धाड भरलीय? ते बघा.” पास्कलने पेन्सिलीने समोर दाखवले.

रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीच्या बाकावर बाबाजी बसला होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, भांग नीट पाडलेला, पायावर पाय.

“काल येऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला,” पास्कल सांगू लागला. “बोलला, माका उद्या रजा व्हयी. मी बोललो, कशाला? बोलला, कशाला म्हणजे? रजा. मी बोललो, नको येऊ ना मग, कोण बोलवतो तुला? तर बोलतो, तसा नाय. नाय येणं वेगळं आणि रजा वेगळी. तू दी. गुरुजी, मी इकडे एवढी वर्षं हाय, कोणी मागितलीच नाय कधी. द्यायची कशी ते मला काय माहीत? मी बोललो, जा, दिली. तर बोलतो, रागान नको. परत दी.”

“मग?”

“मग काय, परत दिली. हसून.”

मी रस्ता ओलांडून बाबाजीकडे गेलो. रजा आहे तर घरी विश्रांती घ्यावी, रोहिणीबाईंना कोठे घेऊन जावे, असे मी सुचवले. “संध्याकाळी नेणार आहे तिला गिरगाव चौपाटीवर,” तो म्हणाला. “पण गुरुजी, घरी बसलो तर रजा आहे हे कळणार कसं? इथे कळतं.”

तेवढ्यात फाटकातून निळ्या ट्रकांची रांग बाहेर पडू लागली. मालक कामावर निघाले होते. प्रत्येक ट्रक टपरीसमोरून जाताना जरा मंदावे, आणि वरून कोणी ना कोणी हाक मारी.

“काय रे बाबाजी, आज गेटवर नाय?”

“रजेवर आसंय,” बाबाजी प्रत्येकाला तितक्याच गंभीरपणे सांगे.

रांगेतील शेवटचा ट्रक पुढे जाऊन थांबला, मग हळूहळू मागे येऊन टपरीसमोर उभा राहिला. पास्कलने पलीकडून शिट्टी वाजवली. चालकाने इंजिन बंद केले आणि खिडकीतून वाकून, इकडेतिकडे पाहत विचारले, “बाबाजी, ती रजा मागतत कशी रे?”

बाबाजीने टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला आणि बाकावर थोडे सरकून शेजारी जागा केली.